तीस फुटी होडीच्या कॉकपिटमध्ये स्पीकर बसवणे : प्रकल्प नोंदी

२१ सप्टेंबर २०२४

होडी तीस फुटी, एका डोलकाठीची, फायबरग्लासची असून पावसाळाभर करंज्याच्या खाडीकाठी एका यार्डात घोडीवर उभी आहे. ऑक्टोबरच्या उधाणाला ती पाण्यात उतरेल. तोवर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाण्यावर बसण्याच्या उघड्या जागेत, दोन स्पीकर बसवण्याचे काम उरकायचे आहे. केबिनमध्ये संगीताची सोय आधीपासून आहे; परंतु बाहेरच्याला ऐकू जावे म्हणून आतला आवाज वाढवला, की आत बसलेल्याला तो असह्य होतो आणि बाहेर तो वाऱ्यावर विरून जातो.

आज फक्त जागेचा विचार केला. उघड्यावर ध्वनीला परतवणाऱ्या भिंती नसतात, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. उलट ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी भर पडते ती केवळ ३ डेसिबलची. म्हणजे दुप्पट अंतर भरून काढायला चौपट शक्ती लागते. होडीवर ती शक्ती बॅटरीतून यायची असल्यामुळे स्पीकर मोठे घेण्यापेक्षा ते कानाजवळ आणणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

केबिनच्या दाराशेजारची मागची भिंत ही सर्वांत सोयीची जागा दिसते, कारण तिथले स्पीकर थेट कॉकपिटकडे तोंड करून बसतात आणि वायरही आखूड लागते. पण त्याच भिंतीत आमचा कंपास बसवलेला आहे आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीला एक दणकट चुंबक असतो. ती जागा तिथल्या तिथे बाद झाली. मागच्या स्टीलच्या कठड्याला नळकांड्यासारखे स्पीकर क्लॅम्पने अडकवण्याचा पर्याय भागीदाराने सुचवला होता. त्यात होडीला भोक पाडावे लागत नाही, हे खरेच. परंतु होडी वळवताना मोठ्या शिडाचा दोर नेमका तिथूनच सुटतो आणि जे काही उभे असेल त्यात अडकतो. बाकांखालच्या उभ्या फळ्यांवर स्पीकर पायांशी येतात. तिथे लाथाही बसतात आणि कॉकपिटमध्ये लाट शिरली तर पहिले पाणीही तिथेच साचते.

उरते ती कोमिंग, म्हणजे बाकाच्या पाठीशी असलेली बुटकी भिंत. विंचच्या, म्हणजे शिडांचे दोर ताणायच्या चरकीच्या, मागे, सुकाणूच्या दांड्याच्या दोन्ही अंगांना, स्पीकर वरच्या कडेला धरून बसवले तर ते बसणाऱ्याच्या खांद्यालगत येतात, दोरांच्या वाटेत येत नाहीत आणि कंपासपासून सुमारे १.८ मीटर लांब राहतात. सध्या हीच जागा धरून चालतो आहे. शिक्कामोर्तब कंपास करील.

स्पीकर ६.५ इंची, ४ ओहमचे घेतले आहेत. निवडताना वॉटची जाहिरात पाहिली नाही. पाहिले ते शंकूचे द्रव्य पॉलिप्रॉपिलीन आहे का, त्याची कडा रबराची आहे का आणि क्षार-फवाऱ्याची व अतिनील किरणांची चाचणी झाल्याचा उल्लेख आहे का, एवढेच. आयपी ६५ या खुणेतील ६ हा आकडा धुळीसाठी आणि ५ हा पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतो, हे ध्यानात ठेवावे. त्या आकड्यात मीठही नसते आणि ऊनही नसते. दुचाकीवर लावायचे ‘वॉटरप्रूफ’ स्पीकर पावसात टिकतात, परंतु मुंबईच्या बंदरात एका हंगामात त्यांची जाळी गंजते आणि प्लॅस्टिक पांढरे पडून तडकते.

२८ सप्टेंबर २०२४

आजचा दिवस चुंबकाचा. होडी जमिनीवर स्थिर असल्यामुळे तिचे तोंड हलत नाही, म्हणून कंपासचा काटा हलला तर तो आणलेल्या वस्तूमुळेच हलला, असे निःशंकपणे म्हणता येते. पाण्यावर ही सोय नसते.

स्पीकर खोक्यातून काढून कंपासच्या बाजूने, काट्याशी काटकोनात येईल असा, हळूहळू जवळ नेला. एक मीटरवर काटा जागचा हलला नाही. ६० सेंटीमीटरवर तो दीड अंशाच्या आसपास सरकला आणि ३० सेंटीमीटरवर तब्बल बारा अंश. हे नियमाला धरूनच आहे, कारण चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले की तो आठव्या हिश्शावर येतो. स्पीकरचे तोंड फिरवून, पाठ कंपासकडे करून, आणि दोन्ही स्पीकर एकाच वेळी धरून हीच चाचणी पुन्हा घेतली. दोन चुंबकांचे परिणाम एकमेकांना छेदतातही आणि एकमेकांत मिसळतातही. ते कसे वागतील, हे डोक्याने ठरवण्यापेक्षा डोळ्याने पाहिलेले बरे.

मुंबईच्या बाबतीत निसर्गाने दोन सवलती दिल्या आहेत. येथे खरी उत्तर दिशा आणि चुंबकीय उत्तर दिशा यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे नकाशावरचा कोन जवळजवळ तसाच कंपासवर घेता येतो. दुसरे म्हणजे, काट्याला उत्तरेकडे ओढून धरणारे पृथ्वीच्या क्षेत्राचे आडवे बल आपल्याकडे सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. लंडनकडे ते साधारण निम्मेच असते. त्याच स्पीकरने त्याच अंतरावर तिकडचा काटा आपल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भरकटेल. म्हणून युरोपातल्या पुस्तिकांतले सुरक्षित अंतर आपल्याकडे थोडे जास्तच सावध ठरते. तरीही मी ते कमी केले नाही.

हे बल आपल्याकडे मोजले जाते ते खाडीपलीकडे अलिबागच्या वेधशाळेत. एकोणिसाव्या शतकात हे काम कुलाब्याला चालत असे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या प्रवाहाने उपकरणे बिघडतील, या रास्त भीतीने तिथले संचालक डॉ. मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली आणि तिथल्या नोंदी १९०४ पासून सुरू झाल्या. एका शहराने ट्रामसाठी अख्खी वेधशाळा हलवली, तिथे आम्ही दोन स्पीकर दीड हात मागे न्यावेत, यात काही विशेष नाही.

खरी अडचण निघाली ती दुसऱ्याच कंपासची. स्वयंचलित सुकाणूचा विद्युत-कंपास उजव्या बाजूच्या झोपायच्या जागेत, फळीला स्क्रूने बसवलेला आहे आणि नियोजित भोकापासून तो जेमतेम ५५ सेंटीमीटरवर येतो. हा कंपास डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याचे भरकटणे लक्षात येत नाही. होडी मात्र निमूटपणे चुकीच्या दिशेने जात राहते. तो काढून मधल्या बाकाखाली, होडीच्या मध्यरेषेवर, तळाच्या जवळ नेण्याचे ठरवले. आमची कील, म्हणजे होडीच्या तळाचा वजनदार कणा, शिशाची असल्यामुळे तिथे तिचा अडसर नाही. कील बिडाची असती तर ही जागा घेता आली नसती.

५ ऑक्टोबर २०२४

भोके पाडली. फायबरग्लासच्या होडीत भोक पाडणे म्हणजे नुसते कापणे नव्हे. बाहेरचा व आतला थर यांच्यामध्ये बाल्सा लाकडाचा हलका गाभा भरलेला असतो, आणि हा गाभा कोरडा आहे तोवरच भिंत ताठ राहते. एका उघड्या भोकातून आत शिरलेले पाणी पुढे कुठवर जाईल याचा नेम नसतो. वर्षा-दोन वर्षांनी गाभा कुजून पिठूळ होतो आणि पाय ठेवला की डेक लवते. म्हणून भोकाचे काम एका दिवसाचे आणि त्याची कडा बंद करण्याचे काम दोन दिवसांचे, असा हिशेब आधीच धरला होता.

प्रथम आतून ३ मि.मी.चे एक बारीक भोक मारले आणि बाहेर ते कुठे निघते ते पाहिले, कारण बाहेरून मोजलेली जागा आणि आतली फळी यांचा मेळ बसतोच असे नाही. डाव्या बाजूला भिंतीमागे शिडांचे लॉकर आहे. तिथे आरसा आणि बॅटरी घेऊन वायरी, नळ्या किंवा बोल्ट वाटेत नाहीत याची खात्री केली. स्पीकरची खोली ७६ मि.मी. आहे, तेवढी जागा दोन्हीकडे मिळते.

कापायच्या जागेवर मास्किंग टेप लावून त्यावर १२८ मि.मी. व्यासाचे वर्तुळ आखले. जेलकोट हा वरचा चकचकीत थर काचेसारखा ठिसूळ असतो आणि करवतीचा दात त्यात अडकला की टवका उडतो, म्हणून होल सॉ सुरुवातीला उलटा फिरवून जेलकोट घासून काढला आणि तो थर पार झाल्यावरच सरळ फिरवला. काचेची धूळ अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांना पर्याय नाही. तांडेलकाका पावसाळाभर होडीवर नजर ठेवून असतात. ते खालून पाहत होते. “बरीच मोठी भोकं पाडताय हो,” एवढेच ते म्हणाले आणि कापून पडलेली चकती उचलून तिची कड नखाने टोकरू लागले.

ती कडच मीही पाहिली. डाव्या चकतीत बाहेरचा थर ३ मि.मी., मध्ये १० मि.मी. बाल्सा आणि आतला थर २ मि.मी. अशी रचना स्पष्ट दिसत होती. बाल्सा कोरडा, सायीच्या रंगाचा, नखाने दाबला तर किंचित दबणारा. उजव्या चकतीत मात्र खालच्या कडेला अंगठ्याएवढा भाग काळसर होता आणि त्याला कुबट वास येत होता. माग काढला तेव्हा चार बोटे खाली जुन्या मालकाने लावलेल्या कुठल्याशा हुकाच्या स्क्रूचे एक भोक सापडले, आणि त्याच्या तोंडाशी सिलिकोनचा एक वाळका थेंब होता. पाणी तिथून वर चढलेले होते. ४ मि.मी.च्या त्या एका छिद्राने जे केले, ते आमच्या १२८ मि.मी.च्या दोन भोकांनी किती केले असते याची कल्पना करता येते.

काळा भाग पूर्ण निघून कोरडे लाकूड लागेपर्यंत खरवडला. जुने भोकही मोठे करून साफ केले. टेबलफॅन लावून आणि वरून ताडपत्री बांधून ती बाजू वाळायला सोडली आहे, कारण परतीचा पाऊस अजून संध्याकाळी गडगडाट करून जातो.

६ ऑक्टोबर २०२४

कडा भरल्या. दोन्ही भोकांच्या भोवती दोन थरांमधला बाल्सा आणखी १५ मि.मी. आतपर्यंत काढायचा होता. त्यासाठी यार्डातला सुतार जे करतो तेच केले : एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलच्या जबड्यात धरला आणि तो खाचेत घालून भोकाच्या कडेने फिरवला. दोन्ही बाजूंचे थर शाबूत राहतात आणि मधला मऊ गाभा भुसा होऊन खाली गळतो. नंतर व्हॅक्यूमने साफ करून ॲसिटोनने पुसले.

इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या राळेचा, पहिला हात पातळच लावला, म्हणजे लाकडाच्या उभ्या नळ्या त्याने तृप्त होतात. तसे न केल्यास पुढचा घट्ट लगदा कोरड्या लाकडाला आपला ओलावा देऊन बसतो आणि पकड कच्ची राहते. पातळ हात चिकट असतानाच कोलॉइडल सिलिका ही घट्ट करणारी बारीक पूड मिसळून श्रीखंडाइतके घट्ट केलेले इपॉक्सी खाचेत दाबून भरले. आजच्या उकाड्यात त्याला फार वेळ मिळत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की हाती उरणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो, आणि वाटीत साठवून ठेवलेले मिश्रण आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडू लागते. म्हणून थोडे थोडे कालवून पसरट ट्रेमध्ये ओतले आणि सकाळी नऊच्या आत काम संपवले.

दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी घासणीने व साध्या पाण्याने धुवायचा आणि मगच सँडपेपर लावायचा; उलट क्रमाने केले तर तोच मेणचटपणा ओरखड्यांत घासला जातो.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. ड्रिल, जिगसॉ आणि क्रिंपिंगची, म्हणजे वायरीचे जोड दाबून बसवण्याची, पक्कड यांना यार्डातल्या इतर अवजारांबरोबर झेंडूची फुले वाहिली गेली आणि दुपारपर्यंत त्यांना कोणी हात लावला नाही.

दुपारनंतर वायरिंगला सुरुवात केली. होडीवर कल्हई केलेली तांब्याची, बारीक तारांची वायरच वापरायची. मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारात मिळणारी घरगुती वायर स्वस्त पडते; पण खारी हवा इन्सुलेशनच्या आत वर चढत जाते आणि काही काळाने वायर कितीही मागे कापली तरी आत काळेच तांबे निघते, ज्यावर क्रिंपही नीट बसत नाही आणि सोल्डरचा डागही धरत नाही. स्पीकरसाठी १.५ चौरस मि.मी.ची जोडवायर घेतली. तिची लांबी एका बाजूला सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर असून तिचा रोध सुमारे ०.१६ ओहम भरतो. ४ ओहमच्या स्पीकरपुढे तो चार टक्के आहे, आणि तेवढा कानाला जाणवत नाही. याहून जाड वायर घेणे म्हणजे निव्वळ वजन वाढवणे होय.

जोड क्रिंप करून त्यांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. फक्त डाग दिलेला जोड होडीच्या सततच्या थरथरीत डागाच्या कडेलाच तुटतो. स्पीकरपाशी येणारी प्रत्येक वायर आधी जोडाच्या खाली झोल देऊन मग वर घेतली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल, जोडापर्यंत पोहोचणार नाही.

१३ ऑक्टोबर २०२४

ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा. चार चॅनलचा, डी वर्गाचा लहान ॲम्प्लिफायर नकाशाच्या टेबलामागे, हवा खेळती राहील अशा जागी बसवला. त्यातले दोन चॅनल केबिनला आणि दोन कॉकपिटला दिल्यामुळे आतला व बाहेरचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो. बॅटरीपासून तिथवर येऊन-जाऊन आठ मीटर पडतात. ६ चौरस मि.मी.च्या वायरीत १५ अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्टची घट होते, ती १२ व्होल्टच्या तीन टक्क्यांच्या आसपास असल्याने चालण्यासारखी आहे.

फ्यूज २० अँपिअरचा असून तो बॅटरीच्या धन टोकापासून एक वीत अंतराच्या आत बसवला. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असला तर ॲम्प्लिफायर वाचतो. मधली वायर कुठे घासून उघडी पडली तर होडी वाचत नाही. समुद्रातल्या आगीला पळून जायला जागा नसते, म्हणून या एका बाबतीत मी कोणाशी तडजोड करत नाही.

येणारी आणि जाणारी वायर एकमेकींभोवती पीळ देऊन नेली आहे. स्पीकरच्या वायरीतला प्रवाह सतत उलटसुलट होत असल्याने तो कंपासला त्रास देत नाही. बॅटरीकडून येणारा एकाच दिशेचा प्रवाह मात्र देतो. सुटी एकटी वायर १० अँपिअर वाहत कंपासपासून हातभर अंतरावरून गेली तर काटा कित्येक अंश हलू शकतो. पीळ दिला की दोन्ही दिशांचे प्रवाह एकमेकांना पुसून टाकतात.

खपाचा हिशेबही याच वेळी मांडला. मध्यम आवाजात सरासरी २ अँपिअर धरले तर दुपारच्या पाच तासांच्या फेरीत १० अँपिअर-तास जातात. आमची बॅटरी २०० अँपिअर-तासांची, शिशाची आहे आणि तिच्यातले निम्मेच वापरावेत असा दंडक आहे, तेव्हा हे परवडते. होडी आठवडाभर बोयावर एकटी असताना यंत्राच्या स्मृतीसाठी झिरपणारा किरकोळ प्रवाहही वाया जाऊ नये, यासाठी वेगळा खटका बसवला.

१५ ऑक्टोबर २०२४

स्पीकर बसले. त्याआधी प्रत्येकाच्या मागे ८ मि.मी. मरीन प्लायची, आतून-बाहेरून इपॉक्सी चढवलेली, सहा लिटरच्या आसपास मावेल एवढी पेटी आतल्या भिंतीला चिकटवली. पेटी नसती तरी स्पीकर वाजले असते. परंतु डावीकडे मागे मोठे बंद लॉकर आणि उजवीकडे उघडी झोपायची जागा, अशा विषम पोकळ्यांमुळे दोन्ही बाजूंचा खर्ज वेगळा आला असता. शिवाय लॉकरमधले ओले दोर आणि फेंडर टर्मिनलांवर आपटले असते, आणि उजवीकडे झोपलेल्याच्या कानाशी स्पीकरची पाठ आली असती, ते वेगळेच. पेटीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ३ मि.मी.चे एक छिद्र ठेवले आहे. आवाजावर त्याचा परिणाम होत नाही आणि आत साचणारा दमटपणा त्यातून निघून जातो.

वायर जोडण्यापूर्वी धन-ऋण तपासले : दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला, की शंकू बाहेर येतो की आत जातो हे बोटाला कळते. दोन्ही शंकू एकाच वेळी बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत असला तर दोन्ही चांगले असूनही खर्ज एकमेकांना मारतो आणि आवाज पोकळ लागतो.

कडेला ब्यूटिल टेप लावली. पॉलियुरेथेन इतके पक्के धरते की पुढे स्पीकर काढायचा झाला तर जेलकोटसकट निघेल. पॉलिसल्फाइड एबीएससारख्या प्लॅस्टिकला मानवत नाही आणि स्पीकरची चौकट त्याचीच आहे. आणि सिलिकोन जिथे एकदा लागते तिथे पुढे दुसरे काहीच चिकटत नाही. उजव्या बाजूच्या त्या थेंबाने तर त्याच्यावर माझा विश्वास उरलाच नव्हता. ब्यूटिल मऊ राहते, कित्येक वर्षे वाळत नाही आणि सहज सोलून निघते.

स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे आहेत. ३०४ दर्जाचे खाऱ्या फवाऱ्यात तांबूस ओघळ सोडतात. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी जेलकोट थोडा उतरता केला, नाहीतर स्क्रू आवळताना त्याला तारकेसारख्या चिरा जातात. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, आणि हातानेच आवळले.

१९ ऑक्टोबर २०२४

कोजागिरीच्या उधाणाला होडी पाण्यात उतरली. दुपारच्या भरतीला यार्डाच्या तोंडाशी पुरेसे पाणी होते, त्यामुळे विशेष खटपट पडली नाही. स्पीकरची तोंडे टेपने झाकून ठेवली होती.

२७ ऑक्टोबर २०२४

गेटवेसमोरच्या बोयावर, शांत सकाळी, रेडिओची चाचणी घेतली. व्हीएचएफ या सागरी रेडिओचा १६ नंबरचा चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही संकटाची व हाकेची वाहिनी आहे आणि होडी चालू असताना तिच्याकडे कान असावाच लागतो. डी वर्गाचे ॲम्प्लिफायर आत अतिशय वेगाने उघड-मीट करत असतात आणि त्याचा कलकलाट रेडिओत शिरू शकतो. रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे नुसती खरखर दाबून ठेवणारी कळ, जेमतेम शांत होईल एवढाच ठेवून ॲम्प्लिफायर चालू केला, तर खरखर सुरू झाली. वीजपुरवठ्याच्या व स्पीकरच्या वायरींवर, ॲम्प्लिफायरच्या अगदी तोंडाशी, फेराइटच्या, म्हणजे कलकलाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या, कड्या लावल्या आणि अँटेनाच्या केबलशी समांतर गेलेली वायर अर्धा मीटर दूर घेतली. खरखर बंद झाली. फेराइट कंपासपासून लांब आहे, हेही पाहून घेतले.

आवाजाची कमाल मर्यादा यंत्रातच बांधून टाकली. तांडेलकाकांची एकच अट होती : “गाणी लावा तुम्ही, पण इंजिनाचं पाणी पडतंय का नाही ते मला ऐकू आलं पाहिजे.” इंजिन थंड करणारे पाणी मागच्या नळीतून भकभक पडते आणि तो आवाज कोरडा झाला की काही मिनिटांत इंजिन तापते. म्हणून इंजिन चालू, कॉकपिटमध्ये चार माणसे, आणि मागच्या नळीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, तिथेच मर्यादा ठेवली. त्या मर्यादेतही शब्द नीट कळतात, कारण स्पीकर कानाजवळ आहेत. खर्ज मात्र उघड्यावर कमीच लागतो. तो वाढवण्याचा मोह मी टाळला, कारण बॅटरी सर्वांत जास्त तोच खातो आणि पाण्यावरून सर्वांत दूर तोच जातो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरचे ध्वनिक्षेपक २००० सालच्या नियमांनुसार बंद ठेवायचे असतातच. मांडव्यासमोर नांगरून राहिलेल्या होडीवरचे गाणे किनाऱ्यावर किती स्वच्छ पोहोचते, हे ज्याने किनाऱ्यावरून ऐकले आहे त्याला हा नियम जाचक वाटणार नाही.

१० नोव्हेंबर २०२४

मांडव्याला जाऊन आलो. सकाळी मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, निघालो, दुपारी वायव्येचा खारा वारा चढला आणि परतीला होडी चांगलीच कलली. खालच्या बाजूच्या स्पीकरवर फवारा सतत उडत होता.

जाताना मोकळ्या पाण्यात कंपासची पडताळणी केली. होडी आठ दिशांना वळवून प्रत्येक वेळी बसवलेला कंपास आणि चुंबकांपासून दूर, डोलकाठीपुढे उभे राहून धरलेला हातातला कंपास यांची तुलना केली. कोणत्याही दिशेला दोन अंशांहून अधिक फरक आला नाही आणि गेल्या हंगामाच्या वहीतल्या आकड्यांशी तो जुळतो. स्वयंचलित सुकाणूचा कंपास नव्या जागी असल्यामुळे त्याला पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे संथ गतीने पूर्ण गिरक्या घालून पुन्हा शिकवावे लागले. नंतर त्याने खांदेरीच्या दीपगृहाकडे धरलेली दिशा सोडली नाही.

विंचवर जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, दोर ओढताना कोपर स्पीकरच्या जाळीला लागते, असे भागीदाराचे म्हणणे आहे. मला ते लागले नाही, पण तो माझ्याहून उंच आहे. तूर्त जाळी तशीच ठेवली आहे.

१६ नोव्हेंबर २०२४

मागच्या पेट्या उघडून पाहिल्या. दोन्ही कोरड्या आहेत, छिद्राशी मिठाचा माग नाही आणि टर्मिनल चकचकीत आहेत. ब्यूटिल दाबाखाली हळूहळू पसरते, म्हणून अपेक्षेप्रमाणे स्क्रू पाव फेरा सैल झाले होते; ते पुन्हा आवळले आणि कडेने बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढली. जाळीवर मिठाचे कण साचले होते. ते कोरड्या फडक्याने पुसल्यास शंकूच्या रबरी कडेवर घासले जातात, म्हणून बाटलीतले गोडे पाणी वरून सोडून नुसते वाहू दिले. उन्हासाठी ॲक्रिलिक कॅनव्हासची झाकणे शीड शिवणाऱ्याकडे टाकली असून त्यांचे माप जाळीपेक्षा १० मि.मी. मोठे दिले आहे.